मिठाची वाट

पायाखाली जपून. जपानातल्या या असाइनाच्या खिंडीत दगड क्वचितच कोरडा सापडतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी कड्यातून पाणी झिरपत राहतं आणि वाटेवरूनच खाली धावतं. दोन्हीकडे सरळ तासलेल्या भिंती, त्यांवर नेचे आणि शेवाळ. वर आभाळाची एक पट्टी, बस.

हा डोंगर माणसांनी फोडलाय, जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी. अशा वाटेला जपानीत ‘किरिदोशी’ म्हणतात, म्हणजे कापून आरपार काढलेली.

तेव्हा जपानचा कारभार चालायचा तो खाली, कामाकुरा शहरातून. तीन बाजूंना डोंगर, चौथीला समुद्र. शत्रूला अडवायला उत्तम. पण ते डोंगर धान्यालाही अडवायचे. किनारा उथळ, गलबतांना धोक्याचा. निवाऱ्याचं बंदर होतं डोंगरापलीकडे, मुत्सुउराला. मीठही तिथंच पिकायचं.

१२४० मध्ये वाट काढायचं ठरलं, पुढच्या वर्षी काम सुरू झालं. पण डोंगर काही हटेना. मग एके दिवशी होजो यासुतोकी स्वतः इथं आला. शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, नुसता नावाला; खरी सत्ता याच्या हाती. त्यानं स्वतःच्या बसायच्या घोड्यावर माती-दगड लादले आणि वाहून नेले. ते पाहून बघे धावत कामाला लागले, अशी नोंद त्या काळच्या दप्तरात आहे. या खिंडीत उभं राहिलं की मला तो घोडाच आधी आठवतो. पुढच्याच वर्षी यासुतोकी गेला.

लोककथा मात्र श्रेय देते असाइना साबुरो या बलदंड योद्ध्याला. त्यानं म्हणे एका रात्रीत डोंगर कापला! खरं तर १२१३ च्या लढाईतच तो कामाकुरातून नाहीसा झाला होता. आणि खिंड आज आहे एवढी खोल व्हायलाही एक पिढी पुरली नाही. पुढे एदो काळातही, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोक ती तासत, दुरुस्त करत राहिले.

आता मोटारी शेजारच्या डांबरी रस्त्यानं जातात. १९६९ पासून ही वाट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे.

उतरून कामाकुराच्या बाजूला आलं की कोसोकुजी हे देऊळ लागतं. तिथं दगडी जिझो आहे, वाटसरूंचा राखणदार. मुत्सुउराचे मीठविके शहरात शिरताना त्याच्यापुढे थोडं मीठ ठेवायचे. माल विकून परत येईपर्यंत ते संपलेलं असायचं. म्हणून त्याचं नावच पडलं, मीठ चाटणारा जिझो.