चिंक्वे तेर्रे : समुद्राआधी भिंती पाहाव्यात

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे. नकाशावर तो चंद्रकोरीसारखा दिसतो; पाठीशी आल्प्स आणि अपेनाइन पर्वतांच्या रांगा, पुढ्यात समुद्र, आणि या दोहोंच्या मध्ये सपाट म्हणावी अशी जमीन जवळजवळ नाहीच. कोरीच्या मध्यावर जेनोआ हे जुने बंदर आहे आणि पूर्वेच्या टोकाला ला स्पेत्सिया हे नौदलाचे शहर. या शहराच्या अलीकडे रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो अशी पाच गावे डोंगराच्या कडेला चिकटून बसली आहेत. त्या पट्ट्याला चिंक्वे तेर्रे, म्हणजे पाच भूमी, असे म्हणतात. आज मी याच पट्ट्याविषयी बोलणार आहे, कारण मी तो दोनदा पाहिला आणि पहिल्या खेपेला तो मला मुळीच दिसला नाही, असे मला आता मनापासून वाटते.

पहिल्या खेपेला आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. दहा दिवसांत पाच देश असा कार्यक्रम होता आणि त्यात चिंक्वे तेर्रेच्या वाट्याला तीन तास आले. आम्ही मानारोलाला उतरलो, रंगीत घरांसमोर छायाचित्रे काढली, आइस्क्रीम खाल्ले आणि परत बसमध्ये बसलो. घरी आल्यावर ती छायाचित्रे पाहताना माझ्या लक्षात आले, की घरांच्या मागे जो डोंगर आहे त्यावर खालपासून वरपर्यंत आडव्या रेघा आहेत. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला त्या रेघा तिथे उभी असताना दिसू नयेत, याची मला फार चुटपुट लागली. त्या रेघा म्हणजे दगडी भिंती होत्या. दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबर महिन्यात, आम्ही दोघेच गेलो आणि कोर्निल्यात पाच रात्री राहिलो, ते केवळ त्या भिंतींसाठी.

मुक्कामासाठी कोर्निल्या निवडण्याचे कारण असे, की पाच गावांपैकी हे एकच गाव समुद्रकाठी नसून सुमारे शंभर मीटर उंच सुळक्यावर आहे. इथे होडी थांबत नाही. आगगाडीतून उतरल्यावर लार्दारीना नावाचा जिना लागतो. त्याचे तेहतीस टप्पे आणि पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी स्थानकावरून लहान बस वर जाते, त्यामुळे कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान एकदा हा जिना चढावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण या प्रदेशात माणूस किती चढतो आणि पाठीवर काय काय घेऊन चढतो, हे तिथे पायांना कळते. १८७४ साली जेनोआ ते ला स्पेत्सिया रेल्वे सुरू होईपर्यंत या गावांना डोंगरातल्या पायवाटा आणि समुद्र एवढेच रस्ते होते. आजही आगगाडी बहुतेक वेळ बोगद्यातूनच धावते. अंधार, क्षणभर निळा समुद्र, पुन्हा अंधार, असे करत ती एका गावाहून दुसऱ्या गावी काही मिनिटांत पोहोचते.

आता भिंतींकडे येते. हा डोंगर इतका उभा आहे, की त्यावर माती टिकत नाही. म्हणून साधारण हजार वर्षांपूर्वीपासून इथल्या लोकांनी उतारावर आडव्या भिंती घातल्या, प्रत्येक भिंतीमागे दगडाचे बारीक तुकडे आणि माती भरली आणि अशा दोन-तीन मीटर रुंदीच्या पायऱ्यांवर द्राक्षवेली लावल्या. या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. डोंगरातलाच वालुकाश्म फोडून दगडावर दगड बसवलेला असतो. माझे आजोळ राजापूरकडचे. तिथे आंब्याच्या बागेभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो, तोही असाच कोरडा रचलेला. त्यामुळे ही रचना मला अनोळखी वाटली नाही. फरक एवढाच, की आमचा गडगा गुरे अडवतो आणि ही भिंत अख्खा डोंगर धरून ठेवते. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, तीही इटलीसह आठ देशांच्या नावावर. आणि हा सगळा प्रदेश १९९७ सालीच जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला होता. त्या नोंदीचे कारण केवळ निसर्गसौंदर्य नव्हते, तर माणसाने घडवलेली भूमी हे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मानारोलाच्या वर सुमारे सव्वातीनशे मीटर उंचीवर व्होलास्त्रा नावाची वाडी आहे. तिथून कोर्निल्याकडे जाणारी पायवाट द्राक्षमळ्यांच्या मधून जाते. तुम्हाला एकच वाट चालायला जमणार असेल, तर हीच चाला. त्या वाटेवर आम्हाला एक वयस्क शेतकरी पडलेली भिंत पुन्हा उभी करताना दिसले. आम्ही थांबलो, म्हणून त्यांनीही हात थांबवला आणि हातवाऱ्यांनी समजावून सांगितले. पडलेले दगड त्यांनी तीन ढिगांत वेगळे केले होते : पायाचे मोठे, दर्शनी बाजूचे, आणि मागे भरायच्या चिपा. दगड उचलायचा, हातात दोनदा फिरवायचा, बसवायचा, तळहाताने दाबून हलतो का पाहायचे. हलला तर हातोडीने एक कोपरा उडवायचा किंवा खाली चीप सारायची. प्रत्येक दगडाचा उतार आत डोंगराकडे होता आणि दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बरोबर मधोमध येत होता. अर्ध्या तासात हातभर भिंत झाली. शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात पुढे फिरवला आणि तोंडाने ढासळण्याचा आवाज काढला. आमच्याकडे गवंडी म्हणतात, भिंतीने पोट काढले. इटालियनमध्येही यासाठी जो शब्द आहे तो पोटावरूनच आलेला आहे, हे मला नंतर कळले तेव्हा फार आनंद झाला.

भिंत पोट का काढते, हे समजून घेण्यासारखे आहे. कोरड्या भिंतीचे खरे काम पाणी अडवण्याचे नसून ते माती ठेवून निथरू देण्याचे आहे. मागच्या चिपा मातीने बुजल्या, मुळे आत शिरली, रानडुकरांनी माती उकरली, की पाणी तुंबते आणि भिंत पुढे ढकलली जाते. म्हणून दर वर्षी कुठे ना कुठे दुरुस्ती करावीच लागते. विसाव्या शतकात गावातली तरुण मंडळी रेल्वेत, ला स्पेत्सियाच्या गोदीत आणि कारखान्यांत गेली, नंतर पर्यटनाच्या धंद्यात पडली, आणि वरचे मळे ओस पडत गेले. आज पूर्वीच्या मळ्यांपैकी फारच थोडा भाग कसला जातो. १९९९ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, ते ही भूमी राखण्याच्या हेतूनेही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी या भागात काही तासांत प्रचंड पाऊस झाला. डोंगरावरून आलेला चिखल आणि दगड वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सोच्या गल्ल्यांत शिरले, घरांचे खालचे मजले गाडले गेले, माणसे दगावली. एवढ्या पावसापुढे कोणतीही भिंत पुरी पडली असती असे मी म्हणणार नाही. पण ओसाड उतारांनी ते संकट वाढवले, हे तिथले लोक उघडपणे बोलतात.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. रिओमाज्जोरे ते मानारोला ही समुद्रालगतची प्रसिद्ध वाट, व्हिया देल्लामोरे, २०१२ साली दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाल्यामुळे बंद झाली होती. ती २०२४ साली पुन्हा उघडली आणि तिथे वेळ राखून तिकीट काढावे लागते. ती वाट सुंदर आहे, पण एक किलोमीटरही नाही; तेवढ्यावर समाधान मानू नये. डोंगरवाटांवर स्लिपर घालून जायला मनाई आहे आणि दंडही होतो. स्थानिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय गाडीत चढू नये.

शाकाहारी मंडळींना जेवणाची चिंता असते, ती इथे कमी करावी. फारिनाता हा हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावर होणारा पदार्थ मोठ्या परातीत, तापलेल्या भट्टीत भाजतात. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा हा सख्खा भाऊ, फक्त जाड आणि कडेला खरपूस. बेसिलच्या पानांचा पेस्तो मात्र विचारून घ्यावा, कारण त्यातल्या पार्मिजानो चीजसाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. मोन्तेरोस्सोत पुष्कळ पदार्थांवर खारवलेले लहान मासे असतात, तेही आधी विचारावे. शाक्केत्रा ही इथली गोड वाइन. त्यासाठी सप्टेंबरात तोडलेली द्राक्षे सावलीत वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे सुकवतात. ती महाग असते. त्या द्राक्षांची ओझी शतकानुशतके या पायऱ्यांवरून पाठीवर वाहिली गेली, आणि आज काही मळ्यांत एका रुळावर चालणारी इवली गाडी आली असली तरी तोडणी हातानेच होते, हे पाहिल्यावर त्या किमतीविषयी मला कधी तक्रार करावीशी वाटली नाही.

आमच्या चौथ्या दिवशी पावसाचा इशारा आला आणि सगळ्या वाटा बंद झाल्या. खोलीच्या खिडकीतून समोरचा उतार दिसत होता. डावीकडे कसलेला मळा, उजवीकडे झुडपांनी भरलेला, पंधरा-वीस वर्षे तरी कोणी हात न लावलेला पट्टा. दुपारभर पाऊस पडत राहिला. डावीकडच्या भिंतींच्या सांध्यासांध्यांतून पाणी बाहेर येत होते, बारीक धारांनी, आणि ते स्वच्छ होते. उजवीकडून एक ओहोळ सुटला होता आणि त्याचा रंग तांबडा होता. तो खाली जिथे समुद्राला मिळत होता, तिथे निळ्या पाण्यात तेवढाच एक डाग संध्याकाळपर्यंत पसरत गेला.