उच्च दाबाचा फ्लायबॅक: आउटपुट कपॅसिटर बदलला, की लूपही तपासा

नमस्कार. फोंड्यातील माझ्या टेबलावर आज 400 व्होल्ट, 50 मिलिअँपिअर देणारा फ्लायबॅक सप्लाय (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग ती आउटपुटला सोडणारा) आहे. त्याच्या आउटपुटला कोणता कपॅसिटर लावावा, ते आकडे मांडूनच ठरवू.

स्विच चालू असताना ऊर्जा ट्रान्सफॉर्मरमध्ये साठत असते, आउटपुटचा डायोड बंद असतो आणि लोडचा सगळा प्रवाह एकटा कपॅसिटर पुरवतो. 50 किलोहर्ट्झला एक आवर्तन 20 मायक्रोसेकंदांचे. त्यातील 15 मायक्रोसेकंद डायोड बंद राहिला, तरी 1 मायक्रोफॅरडवरचे व्होल्टेज केवळ 0.75 व्होल्टने उतरते. एवढे पुरे. 100 मायक्रोफॅरड लावले, तर त्यात 8 जूल साठतात आणि ते जिवावर बेतू शकतात.

आता ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध पाहू. उरलेल्या 5 मायक्रोसेकंदांत डायोडचा प्रवाह 400 मिलिअँपिअरच्या शिखरावरून शून्यावर येतो. 10 मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर 3 ओहम असेल, तर त्या शिखराने 1.2 व्होल्टची उसळी येते, म्हणजे आकाराने दहापट असूनही त्याचा रिपल (आउटपुट व्होल्टेजमधला चढउतार) 1 मायक्रोफॅरडच्या पॉलिप्रोपिलीन फिल्म कपॅसिटरपेक्षा जास्त भरतो. म्हणून मी फिल्म निवडतो, 630 व्होल्टचा. एक्स7आर (X7R) प्रकारचा सिरॅमिक कपॅसिटर येथे नको, कारण डीसी व्होल्टेजखाली त्याची धारिता बरीच घटते.

मात्र ही अदलाबदल केल्यावर माझा सप्लाय डोलू लागला होता, म्हणजे त्याचे व्होल्टेज झोके घेत होते. दोष लूपमध्ये होता, म्हणजे आउटपुट मोजून स्विचला सावरणाऱ्या फीडबॅकच्या साखळीत. इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर सुमारे 5.3 किलोहर्ट्झला लूपला फेज परत मिळवून देत होता, म्हणजे दुरुस्तीला होणारा उशीर भरून काढत होता. फिल्ममध्ये तो आधार गेला, आणि धारिता दहापट घटल्यामुळे लूपचा गेन (वर्धन) वाढून क्रॉसओव्हर, म्हणजे गेन 1 वर येतो ती वारंवारता, वर सरकला, जेथे ऑप्टोकपलर (फीडबॅक प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) आणखी फेज खातो. त्यामुळे एरर अँप्लिफायरचा (आउटपुटमधला फरक वाढवून पुढे देणाऱ्या भागाचा) गेन कमी करावा लागला. लोड 10 वरून 50 मिलिअँपिअरवर नेऊन ऑसिलोस्कोपवर पाहा: व्होल्टेज एकदा दबून सरळ सावरले पाहिजे, त्याने झोके घेता कामा नयेत.

पाव वॉटचा रेझिस्टर बहुधा 250 व्होल्टपर्यंतच चालतो, म्हणून ब्लीडरसाठी (कपॅसिटर रिकामा करण्यासाठी) 470 किलोओहमचे दोन एकापुढे एक जोडा. सप्लाय बंद केल्यावर पाच सेकंदांत 1 मायक्रोफॅरड जवळजवळ रिकामा होतो. तरीही हात लावण्यापूर्वी मीटरने मोजा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात खारट, दमट हवेने बोर्डावर गळती होते. फीडबॅकसाठी व्होल्टेज विभागणाऱ्या जोडीतील वरच्या 2 मेगाओहमच्या रेझिस्टरला 100 मेगाओहमची गळती समांतर आली, तर आउटपुट सुमारे 2 टक्के खाली येते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच त्यावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) द्या.