यार्डातली रांग

(साखर उद्योगात नोकरीला निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानातला भाग)

व्यवस्थापन कुठं शिकलात, असं तुम्ही मला विचारलंत. माझी पदवी कृषीची. बाकीचं शिक्षण झालं ते कारखान्याच्या शेतकी खात्यात, त्यातही केन यार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या रिकाम्या होण्याची वाट बघत उभ्या राहतात त्या आवारात.

आमचा कारखाना रोज 2500 टन गाळपाचा. म्हणजे तासाला शंभर टनांहून थोडा जास्तच ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथं, पडायला हवा. तो पडला नाही की गाळप बंद आणि नोंदवहीत शेरा, 'नो केन'. मग सकाळच्या बैठकीत पहिल्यांदा उभं केलं जातं शेतकी अधिकाऱ्याला. या धास्तीनं प्रत्येक गटाचा, म्हणजे काही गावं मिळून केलेल्या विभागाचा, आमचा माणूस थोड्या जास्तच उसाला तोड देतो, म्हणजे तोडायची परवानगी देतो. संध्याकाळी यार्ड ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खच्चून भरलं की सगळ्यांना हायसं वाटतं. संचालक मंडळी तर ती रांग पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात!

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा 'नो केन'.

हे कोडं मला बीडकडच्या एका मुकादमानं, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या टोळीच्या प्रमुखानं, सोडवून दिलं. त्याची टोळी फडात नुसती बसलेली बघून मी आवाज चढवला, तर तो म्हणाला, "साहेब, गाडी काल दुपारी यार्डात गेलीय ती अजून रिकामी झाली नाही. तोडून भरू कशात?"

हिशेब सरळ होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा दहा कोयत्यांची टोळी दिवसात साधारण एक ट्रॅक्टर भरते. तो ट्रॅक्टर रांगेत अडकला की टोळी थांबली. म्हणजे आज आम्ही मिरवत होतो ती रांगच उद्याचा ऊस अडवून बसली होती. शिवाय तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे. तो उन्हात उभा राहिला की वजनही घटतं आणि साखरही, म्हणजे उताऱ्याला, उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याला, फटका.

मग आम्ही गटवाल्यांना 'किती टन पाठवलास?' हे विचारणं कमी केलं. त्याऐवजी दुपारी यार्डात किती तासांचा ऊस उभा आहे आणि किती गाड्या रिकाम्या होऊन परत निघाल्या, एवढं बघायचं आणि त्यावर दुसऱ्या दिवशीची तोड ठरवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याला 'नो केन'साठी बोलणी खायची सवय झालीय, तो हातचं राखूनच आकडा सांगतो. ती भीती घालवायला आकड्यांपेक्षा जास्त वेळ गेला. त्यात ऊस कधी लावला त्या नोंदीप्रमाणे तोडीची पाळी लावलेली असताना 'आमच्या पाहुण्यांचा ऊस आधी न्या' असे फोन. उसाला तुरा आला, आता लवकर तोडा, म्हणत शेतकरी दारात उभा असतो, त्याचंही खोटं नसतं. त्यावर मला एकच उपाय सापडला. पाळीची यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लावायची. फोन बंद झाले नाहीत, पण फोन करणाऱ्याला आता गावातले लोक जाब विचारू लागले.

एक गोष्ट मात्र आमच्या कुठल्याच तक्त्यात आली नाही. तोडणीची मजुरी टनावर असते. गाडी वेळेत परतली नाही, तर कारखान्याच्या मजुरीच्या बिलात रुपयाही वाढत नाही; बुडतो तो टोळीचा दिवस. तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा रोजच्या अहवालात 'टोळ्या किती तास बसून होत्या' असा एक रकाना मागून बघा. मी मागितला होता, तेव्हा अकाउंट्सवाले म्हणाले, "याचं बिल कुठं निघतं?"