वावरातला मे महिना आणि लेहचा रस्ता

(सायकलच्या दुकानासमोर. मागे टायरांचा ढीग, स्टँडवर सामान लादलेली सायकल.)

नमस्कार मंडळी. ज्यानं मे महिन्यात आपल्या इकडे, विदर्भात, वावरातली धसकटं वेचली, त्याला वाळवंटात सायकल कशी चालवायची हे मी काय शिकवणार? ते त्याला येतंच. फक्त हे सायकलच्या कामाचं आहे हे त्याला माहीत नसतं.

आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की शेतकरी काय करतो? पहाटे चारला उठतो, नऊ-दहापर्यंत काम उरकतो, मग निंबाखाली आडवा होतो. ऊन कलल्यावर पुन्हा वावरात. डोक्याला ओला दुपट्टा, अंगात पूर्ण बाहीचा सुती सदरा. राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात किंवा मध्य आशियातल्या काराकुममध्ये एकट्यानं सायकल चालवणारे लोक हेच वेळापत्रक पाळतात. अर्धी बाही आणि सनग्लास घालून दुपारी एकला फोटो काढणारे वेगळे. त्यांचं आपण सोडून देऊ.

म्हणून आजच्या व्हिडिओत उन्हावर थोडंच बोलतो. आपल्या माणसाचा घात होतो तो थंडीत, लेहच्या रस्त्यावर. आणि तिथंही मारते ती तहानच. कशी ते सांगतो.

आधी पाण्याचा हिशेब. एक लिटर म्हणजे एक किलो, यात कुणाची सूट नाही. कडक उन्हात दिवसभर पेडल मारायचं, त्यात स्वयंपाकही करायचा, तर दिवसाला आठ-दहा लिटर धरून चाला. म्हणजे सायकलवर दहा किलो नुसतं पाणी. ते मागच्या कॅरिअरवर उंच बांधलं की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल नाचायला लागतं. पाणी खाली ठेवा. फ्रेमच्या त्रिकोणात, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला), जमिनीच्या जितकं जवळ नेता येईल तितकं.

आणि नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठही जातं. त्यात लिटरच्या लिटर साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो अजून पितो. आंगणवाडीच्या भिंतीवर जे लिहिलेलं असतं तेच करा : लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, भाजीचा नाही.

राजस्थानात गेलात तर ढाणीजवळ, म्हणजे वस्तीजवळ, जमिनीत बांधलेला, वरून झाकलेला टांका दिसेल. पावसाचं पाणी त्यात साठवतात. ते कुण्या कुटुंबाचं वर्षभराचं पाणी असतं. हाक मारा, विचारा, मग घ्या. नाही कुणी म्हणत नाही, पण न विचारता बादली सोडलेली कुणालाच आवडत नाही. आपल्या विहिरीवर तरी चालेल काय?

थरला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चुरूला उन्हाळ्यात पन्नास अंश होतात आणि हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जातो, एकाच गावात. वाळवंट म्हणजे फक्त गरमी हा समज तिथंच गळून पडतो.

वाळवंटात उन्हापेक्षा जास्त छळतो तो समोरचा वारा. चढ कधीतरी संपतो, समोरचा वारा संपत नाही. ऑस्ट्रेलियात नलारबॉरच्या मैदानात रस्ता १४६.६ किलोमीटर सरळ आहे, एक वळण नाही. वळणच नाही म्हटल्यावर वारा अंगावर आला की दिवसभर अंगावरच. तिथं ताशी आठ किलोमीटरनं चालणारा माणूस पाहिला की आपल्या बैलबंडीची आठवण यावी. अशा वेळी किलोमीटर मोजू नका, तास मोजा आणि पाणी मोजा. वारा बहुतेक ठिकाणी पहाटे पडलेला असतो, म्हणजे पुन्हा तेच, चारला उठा.

काट्यांबद्दल बाभळीच्या मुलखातल्या माणसाला काय सांगू! काटा काढायचा छोटा चिमटा ठेवा, ट्यूब दोन जास्त ठेवा. एवढंच.

आता एक गोष्ट मधातच सांगून घेतो, कारण लोकांना वाटतं हे सगळं महागड्या सायकलींनंतर सुरू झालं. १९२३ साली मुंबईतून काही पारशी पोरं सायकलवर जगाला फेरी मारायला निघाली. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १९२८ साली फेरी पूर्ण करून परत आले. वाटेत इराण, मेसोपोटेमियाचं वाळवंट. कोणता मोबाईल आणि कोणता गूगल मॅप! मग १९६३ साली आयर्लंडची डर्व्हला मर्फी ऐन हिवाळ्यात एकटी निघाली आणि सायकलवर भारतात पोचली. दुकानदार म्हणून मला तिची एक गोष्ट फार आवडते. निघण्याआधी तिनं सायकलचा तीन गिअरचा संच काढून टाकला, काहून तर इकडच्या रस्त्यांवर तो टिकणार नाही म्हणून. आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी, २०१८ साली १५९ दिवसांत जवळपास २९,००० किलोमीटर, पृथ्वीला फेरी. कॅनडात अस्वल मागे लागलं होतं तिच्या.

(कॅमेरा जवळ. हातात कागदावर काढलेला मनाली–लेह रस्ता.)

चला, थंडीकडे. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे हजाराच्या आगेमागे पडतो, तरी आपण दुष्काळ म्हणतो. म्हणजे लडाख हे वाळवंटच आहे, फक्त थंड. आपल्याकडे घाम गळताना दिसतो, सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, घसा कोरडा पडतो, शरीर ओरडून पाणी मागतं. लडाखमध्ये हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो. धाप लागून जो श्वास बाहेर टाकता, त्यातूनही पाणी जातं. आणि थंडीमुळे तहान लागतच नाही. संध्याकाळी पाहावं तर सकाळी भरलेली बाटली तशीच. मग डोकं ठणकतं आणि कळत नाही की हे उंचीचं दुखणं आहे की पाण्याचं. म्हणून तहानेवर भरवसा ठेवू नका, लघवीचा रंग पाहा. गर्द पिवळी असेल तर थांबा, प्या.

मनाली–लेह रस्त्यावर गाटा लूप्स नावाची एकवीस वळणं आहेत. तिथं एका जागी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग असतो. बर्फात अडकलेला एका ट्रकचा क्लीनर तिथं पाण्यावाचून गेला, असं लोक सांगतात. येणारे-जाणारे त्याच्या नावानं पाण्याची बाटली ठेवतात. खरंखोटं देव जाणे, पण थंड घाटात माणूस तहानेनं मरू शकतो हे ट्रकवाल्यांना पक्कं माहीत आहे.

रात्री बाटली गोठते. बर्फ वरून धरत जातो, म्हणून बाटली उलटी ठेवा, म्हणजे सकाळी तोंड मोकळं राहतं. पाण्याचा फिल्टर असेल तर तो झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ. आत पाणी राहून तो एकदा गोठला की बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतल्या नळ्या फाटलेल्या असतात. पॉवरबँकही अंगाजवळच. छोट्या गॅसच्या डब्यात नुसता ब्युटेन असेल तर कडक थंडीत तो नीट पेटत नाही, कारण थंडीत ब्युटेनची पुरेशी वाफच होत नाही. रॉकेलचा किंवा पेट्रोलचा स्टोव्ह चालतो. याच रस्त्यावर टांडीच्या पेट्रोल पंपावरचा बोर्ड फेमस आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सायकलवाल्याला वाटतं आपलं काय जातं, आणि मग स्टोव्ह आठवतो.

तसंही फार शिजवायच्या नादी लागू नका. पाच हजार मीटरवर पाणी त्र्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात तुरीची डाळ तासभर उकळवा, दाणा दाणाच राहतो. सातूचं पीठ न्या, गूळ न्या, फल्लीदाणे न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उतार. लोक चढाला भितात. चढताना अंग गरम असतं, त्रास होतो तो दमाचा. मनाली–लेह रस्त्यावरची टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटर (तिकडे 'ला' म्हणजे खिंड). चढून वर आलात, बनियान घामानं ओली, बोर्डापाशी फोटो, व्हिडिओ, घरी दाखवायला अजून एक फोटो. दहा मिनिटं गेली. मग उतार सुरू, ताशी चाळीसचा वेग. हवा शून्य अंश असेल तर त्या वेगात अंगाला ती उणे सात लागते, आणि आत ओली बनियान. पाच मिनिटांत बोटं बधीर होतात. ब्रेक आहे, वायर आहे, पण ओढायला बोट वळत नाही. समोर वळण, वळणावर ट्रक.

उपाय साधा आहे आणि फुकटाचा आहे. बनियान वर पोचल्याबरोबर बदला, फोटो नंतर. एक कोरडी बनियान फक्त त्याच कामासाठी ठेवा, तिच्यात चढायचं नाही. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, वारा अडतो. लोकरीच्या हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवा, एक नंबर मोठे. दिसायला गबाळं दिसतं, दिसू द्या.

रस्त्यावरून वाहणाऱ्या बर्फाच्या नाल्यांचंही एक वेळापत्रक असतं. सकाळी बर्फ वितळलेलं नसतं, पाणी घोट्याएवढं. दुपारनंतर तोच नाला मांडीला लागतो. सायकल खांद्यावर घेऊन मांडीभर बर्फाच्या पाण्यात शिरायची हौस नसेल तर नाले दुपारच्या आत ओलांडा. म्हणजे इथंही पहाट आलीच.

उंचीचं गणित. टांगलांग लावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. मनालीकडून हा नियम पाळणं जड जातं. केलाँग ३,०८० मीटर, आणि बारालाचा ही खिंड ओलांडून पुढचा मुक्काम सर्चू ४,२९०. मधात जिस्पा, झिंगझिंगबार असे मुक्काम पाडावे लागतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं श्रीनगरकडून जावं. जोजी ला ३,५२८, फोटू ला ४,१०८, मधात कारगिल खाली २,७०० च्या आसपास. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मनालीच्या रस्त्याचं नाव मोठं आहे, पण नावाकडे पाहून फुफ्फुस चालत नाही.

एकट्यानं जाण्याची खरी अडचण कुत्री, चोर, भुतं ही नाही. उंचीवर डोकं बिघडतं तेव्हा, ते बिघडलं हे सांगणारं डोकंही तेच असतं. सोबती असता तर म्हणाला असता, "अरे, तू काय बरळतोस?" म्हणून नियम आधीच, घरी बसून, कागदावर लिहा आणि हँडलच्या पिशवीत ठेवा. डोकेदुखी आणि मळमळ : आज वर जायचं नाही. टाचेला पंजा लावून सरळ रेघेत दहा पावलं टाकता येत नाहीत, झोक जातो : मदत मागायची आणि लगेच खाली, रात्र असली तरी. विश्रांती घेत असतानाही धाप लागते, खोकला थांबत नाही : तेच. उंचीच्या त्रासाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून, मेडिकलवाल्याला विचारून नाही.

घरच्यांना सांगून ठेवा की मधात दोन-दोन दिवस फोन लागणार नाही. आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय नेला तर पोलीस प्रकरण होतं, तिकडे जाऊच नका.

(सायकलकडे वळतो. मागचं चाक हातानं फिरवतो.)

सायकल कोणती? स्टीलची फ्रेम. तुटली तर कोणत्याही तालुक्याच्या गावात वेल्डिंगवाला भेटतो. हे पाहा मागचं चाक. सामान लादलेल्या सायकलचे स्पोक तुटतात ते बहुतेक इथं, मागच्या चाकाला, फ्रीव्हीलच्या म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या बाजूला. या बाजूच्या स्पोकांवर ताण जास्त असतो, कारण रिम मधोमध आणायला या बाजूनं जास्त ओढावं लागतं. दोन-दोन स्पोक असे चिमटीत धरून दाबा. एखादा ढिला लागला की समजा त्याचा शेजारी तुटणार आहे. छत्तीस स्पोकांचं चाक घ्या, निघण्याआधी आउट काढून घ्या, म्हणजे स्पोक आवळून चाक सरळ करून घ्या, आणि स्पोकच्या चावीनं आउट काढायला स्वतः शिका. मनाली–लेह वाटेवर पांगच्या मुक्कामाच्या तंबूत रजई मिळेल, मॅगी मिळेल, आउट काढणारा मिळणार नाही. फ्रीव्हील खोलायचं टूल सोबत हवं, नाहीतर या बाजूचा स्पोक बदलताच येत नाही. आणि गिअर असा हवा की पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीहून लहान असावी. वेग माणसाच्या चालण्याएवढा राहील, पण पाय फिरत राहतील.

सराव इथंच होतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढा, सगळं सामान लादून. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, म्हणजे तिकडच्या हिशेबानं काहीच नाही. पण डिसेंबरच्या पहाटे घाट चढून, घामाघूम होऊन, लगेच तसंच खाली उतरून पाहा. कोरडी बनियान काहून लागते ते परतवाडा यायच्या आत कळेल.

सायकल न्यायची तर नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वेच्या पार्सलनं बुक होते. टायरमधली हवा कमी करा, हँडल आडवं फिरवा, नाव आणि फोन नंबरचा पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा, आणि पेडल काढून घ्या. उजवं पेडल नेहमीच्या आट्याचं, डावं उलट्या आट्याचं. डावं पेडल नेहमीच्या दिशेनं सोडवायला पाना लावून दोघंजण लोंबकळले तरी ते सुटत नाही, उलट घट्ट होत जातं. डावीकडचं पेडल सोडवायचं तर पाना घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा.