दिवाणजींचा पेन ड्राइव्ह

(इचलकरंजीतील व्यापाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गेली एकवीस वर्षं मी या गावातल्या सुताच्या पेढ्या, सायझिंग, यंत्रमाग कारखाने यांचे संगणक सांभाळतोय. मला येणारा सगळ्यात वाईट फोन नेहमी सकाळी येतो आणि त्यात तीनच शब्द असतात: ‘टॅली उघडत नाही.’ टॅली म्हणजे आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर.

असाच एक फोन ऐन मार्चअखेरीस एका पेढीतून आला. गेलो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं चिकटलेली, आणि पडद्यावर पैशाची मागणी. मी विचारलं, ‘बॅकअप?’ पेढीचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनी लगेच संगणकाच्या पाठीमागे बोट दाखवलं. पेन ड्राइव्ह तिथे लावलेला होता. रोज संध्याकाळी न चुकता ते त्यावर बॅकअप घेत होते, फक्त तो काढून ठेवत नव्हते. संगणकाला जोडलेलं जे जे होतं ते सगळं त्या व्हायरसने कुलूपबंद केलं, पेन ड्राइव्हसुद्धा. बिलं, बँकेचे उतारे, पावत्या जमवून खतावणी पुन्हा उभी करायला तीन महिने गेले. काही उधारी तर सुटलीच, कारण नेमकं येणं किती हे सांगायला कागद नव्हता. दिवाणजी त्या दिवसांत जेवत नव्हते. मला त्यांचं फार वाईट वाटलं, कारण दोष त्यांचा नव्हता. पेन ड्राइव्ह काढून ठेवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आपल्या छोट्या पेढीकडे कोण बघतंय, असं तुम्ही म्हणाल. २७ जून २०१७ ची गोष्ट ऐका. युक्रेनमध्ये हिशेब आणि करासाठी सर्रास वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर आहे, आपल्याकडच्या टॅलीसारखं घरोघरी पोचलेलं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. ‘नॉटपेट्या’ हे त्या व्हायरसचं नाव. मर्स्क या जहाज कंपनीच्या युक्रेनमधल्या कार्यालयातही ते सॉफ्टवेअर होतं. तिथून व्हायरस कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या, त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम अडलं. त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी न्हावाशेव्याच्या कंटेनरांचा काय संबंध? तरी ते अडकले.

कंपनीचं नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर. पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्यातही कुठल्या कर्मचाऱ्याला काय वापरायची मुभा आहे, याची नोंद ठेवणारे सगळे सर्व्हर पुसले गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर होता. आपण भारनियमनाला किती शिव्या दिल्या आहेत! पण त्या दिवशी एवढी मोठी कंपनी सावरली ती वीज गेलेल्या एका यंत्रामुळे. दिवाणजींचा पेन ड्राइव्ह तसाच बाहेर असायला हवा होता. दोन घ्या, आलटून पालटून वापरा, एक रोज शेठच्या घरी जाऊ द्या. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपचा मी भरवसा धरत नाही.

दिवाणजींच्या त्या पेढीत व्हायरस शिरला कुठून? शेठना घरबसल्या टॅली बघायचं होतं, म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून संगणक चालवायची सोय, इंटरनेटवर उघडा ठेवला होता. पासवर्ड होता पेढीचं नाव आणि पुढे १२३. संगणक विंडोज ७ चा. त्याची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० लाच थांबली होती. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ‘चालतोय की अजून’ हे उत्तर यंत्रमागासाठी ठीक आहे, संगणकासाठी नाही.

दुसरी एक गोष्ट मला व्हायरसइतकीच छळते. जीएसटीला नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुनीमजींचा! वेबसाइटचं नाव ती बनवून देणाऱ्या पोराच्या खात्यावर. डिजिटल सही, म्हणजे ती पेन ड्राइव्हसारखी यूएसबी किल्ली, सीएच्या टेबलाच्या खणात, पिनची चिठ्ठी तिलाच चिकटवलेली. ती सही कायद्याने तुमच्या हाताच्या सहीसारखीच आहे. कोरे चेक सही करून कुणाच्या खणात ठेवाल का? सीए तुमचा घरचा माणूस असेल, पण त्याच्या ऑफिसात येणारी-जाणारी सगळी माणसं तुमच्या ओळखीची नसतात.

पैशाच्या चोऱ्यांबद्दल तुम्हाला बरंच माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. सूत पाठवणाऱ्या पार्टीचा ‘खातं बदललंय’ असा मेल आला, तर त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, तुमच्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करा आणि ओळखीचा आवाज ऐकूनच पैसे सोडा.

आणि तरीही पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावा, सोबत बँकेला कळवा. बाजारात आपलं नाव खराब होईल म्हणून दोन-दोन दिवस गप्प बसलेले लोक मी पाहिलेत. चोर त्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवून काढून घेतो. पहिल्या तासात तक्रार गेली तर वाटेतच रक्कम गोठवता येण्याची आशा असते.

आज कुणी पेन ड्राइव्ह खिशात घालून आला असेल तर थांबा. माझा लॅपटॉप इथेच आहे. तुमचा बॅकअप खरंच उघडतो का, ते आत्ताच बघू.