बिलात सेव किती, पोटात किती

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय, घरगुती खरेदीवरून देशाचा आहार. म्हणजे खरं तर एवढंच, की तुमचं किराण्याचं बिल कोणी माझ्या हातात दिलं तर तुम्ही काय खाता ते मला कळेल का. माझं म्हणणं, निम्मं कळेल, आणि उरलेल्या निम्म्यात आपण इंदूरवाले बसतो.

आमचंच घ्या. एका मोठ्या दुकानात (नाव घेत नाही, तुम्ही सगळे तिथेच जाता) काउंटरवरचा मुलगा आधी मोबाइल नंबर मागतो, मग पैसे. नंबर कशाला रे बाबा, तर म्हणे सिस्टीम पुढे जात नाही. दिला. दिवाळीआधी आमच्या सौभाग्यवतींनी त्याच नंबरावर ढीगभर लौंग सेव घेतली, कारण पुण्याची भाची, ठाण्याचे व्याही, नागपूरच्या जाऊबाई, सगळ्यांचा एकच निरोप, येताना सेव आणा. पुण्यात मिळते हो, पण ती 'तशी' नसते म्हणे. आता कॉम्प्युटरवर जो कोणी बसलाय त्याला काय दिसणार? दोन म्हातारी माणसं, एकाला बीपी, आणि एवढी सेव! तेव्हापासून मला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचे मेसेज येतात. हसू नका, खरंच येतात. आणि मी जे खरंच खातो, सकाळी पोहे-जिलबी, थंडीत सराफा बाजारातल्या ठेल्यावरचे गराडू (तळलेला कंद हो), त्याचं बिल कुठाय? ठेलेवाला बिल देतो का? जीरावन मसाला मात्र मागाल तेवढा टाकतो.

असो. सेक्रेटरी साहेबांनी चिठ्ठी पाठवलीये, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाच की.

तर पटापट. एंगेल नावाच्या जर्मन माणसानं १८५७ साली सांगून ठेवलंय, कमाई वाढली की खर्चातला खाण्याचा वाटा घटतो. आपल्याकडे १९९९-२००० मध्ये गावात हा वाटा ५९ टक्के होता, २०२२-२३ च्या सरकारी सर्वेत ४६. शहरात ४८ चा ३९ झाला. धान्यावर तर शहरात ४ टक्केसुद्धा नाहीत, आणि पेयं, तयार नि पाकीटबंद खाणं धरलं तर १० च्या वर!

बिलं कामाची नाहीत असं नाही हं. लंडनमध्ये टेस्को नावाच्या मोठ्या दुकानसाखळीच्या १६ लाख ग्राहक-कार्डवाल्यांची २०१५ ची वर्षभराची खरेदी तपासली, ४२ कोटी वस्तू. मेक्सिकोनं २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, तेव्हा घरांच्या खरेदीच्या नोंदींतूनच कळलं की वर्षात खरेदी सरासरी ६ टक्के कमी झाली. नुसतं लोकांना विचारलं असतं तर सगळेच म्हणाले असते, आम्ही कुठे पितो!

पण बिल सांगतं घेतलं किती, आपला सर्वेवाला घरी येऊन विचारतो खाल्लं किती. भाचीला दिलेली सेव तो आमच्या नावावर धरणार नाही. मात्र भाची आमच्याकडे जेवली तर ते जेवण आमच्याच खात्यात. कामवाल्या बाई आपल्याकडे जेवतात तेही आपल्याच खात्यात, म्हणून कागदावर खात्यापित्या घरातलं माणूस जरा जास्तच जेवतं आणि त्या बाईंच्या घरी कमी दिसतं. हे दुरुस्त करायची रीत आहे, कोण किती वेळा बाहेर जेवलं ते मोजून, पण ती सांगायला... हो हो, थांबतो. सेक्रेटरी उभेच राहिले. प्रश्न चहाच्या वेळी विचारा.