खासऱ्यात नाव नाही

साऱ्या देशाला 15 ऑगस्ट आहे. मराठवाड्याला त्याच्या जोडीला 17 सप्टेंबर आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथून पुढे तेरा महिने ते तिथेच राहिले.

धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात 17 सप्टेंबरच्या सकाळी झेंड्याभोवतीची रांगोळी अंगणवाडीच्या ताई काढतात. दर वर्षी त्याच. वय अठ्ठावन्न. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. घरी त्यांची आई आहे, चौऱ्याऐंशीच्या आसपासची. गाव तिला आजी म्हणतं, लेक अम्मा म्हणते.

आमची नावं नकोत, गावाचं तर मुळीच नको, अशी या मायलेकींची अट आहे. ज्यांच्याविषयी त्या बोलतात, त्यांची नातवंडं याच गल्लीत राहतात. एकमेकांच्या लग्नात वाढायला उभी असतात.

[दृश्य: नळदुर्गचा किल्ला, खाली बोरी नदी, बाजूने जाणारा सोलापूर–हैदराबाद रस्ता]

जुनी माणसं त्या काळाला सरळ 'रझाकारी' म्हणतात. रझाकार म्हणजे निजामाची सत्ता टिकवायला उभं राहिलेलं हत्यारबंद दल. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या होता. गावोगाव खंडणी बसली होती. दिली तर ठीक, नाही दिली तर लूट, जाळपोळ, खून, बायाबापड्यांवर हात. हजारो कुटुंबं घरदार टाकून सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरच्या बाजूला गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस लढत होती, लोक तुरुंगात जात होते, मरत होते. रझाकारांच्या विरोधात मुसलमानही उभे राहिले. हैदराबादेत 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला.

13 सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखाली फौज पुढे सरकत गेली आणि 17 तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. सरकारी भाषेत ती 'पोलिस कारवाई', लोकांच्या तोंडी 'पोलिस ॲक्शन'.

गावात फौज थांबली नाही. ती रस्त्याने पुढे गेली आणि मागे रझाकारीचा सूड मुसलमानांवर निघाला. आजीची गोष्ट तिथून सुरू होते.

"आमची गल्ली विणकराची. एका अंगाला आमी मोमीन, दुसऱ्या अंगाला कोष्टी. सूत एकाच सावकाराचं, बाजारबी एकच. गावातली दोन पोरं रझाकारात गेलती. ती तर आधीच पळून गेली. मेले ते मागावर बसनारे."

आजीचे वडील आणि थोरला भाऊ एकाच दुपारी गेले, मारून विहिरीत टाकले. मारणारे बाहेरगावचे होते, त्यांना घरं दाखवणारे गावातले. आजी तेव्हा सात वर्षांची. शेजारच्या कोष्ट्याच्या बाईने तिला आणि तिच्या आईला ओढून आपल्या घरात घेतलं आणि धान्याच्या बळदात लपवलं. आत अंधार, ज्वारीचा वास, आईचा हात तोंडावर. बाहेर कोष्टी मागाच्या काठ्या घेऊन दारात उभे. त्यातला एक, त्या बाईचा धाकटा दीर, दारातच पडला.

पुढे कित्येक दिवस घराघरांत शोध चालू होता. तेव्हा कोष्टीणबाईने गोंदणारीला बोलावलं. पोरीच्या कपाळावर तीन ठिपके आणि उजव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदून घेतलं. कुणी विचारलं तर भाची म्हणून सांगायचं.

[दृश्य: आजीचा हात, जवळून]

वृंदावन आता हिरवट-निळं दिसतं. कातडी सुरकुतली तशी एक बाजू वाकडी झाली आहे, पण वरची तुळशीची पानं अजून मोजता येतात. याच हाताने आजी नमाजासाठी वजू करते, पाणी कोपरापर्यंत घेते. तिला त्याबद्दल काय वाटतं हे आम्ही विचारलं. "काय वाटायचं? जीव हाय त्येच्यामुळं."

हे सगळ्याच बाबतीत असं नव्हतं. अनेक ठिकाणी असंच गोंदण जबरदस्तीने झालं, माणसांचा धर्म बदलल्याची खूण म्हणून. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरले. त्यांनी सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. पोलिस ॲक्शनमध्ये आणि त्यानंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा त्यांच्या अहवालातला अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. लातूरमध्ये वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालू होती, असं त्यात लिहिलं आहे. शहरातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार उरलेले दिसले. काही ठिकाणी लष्कर-पोलिसांतल्या माणसांचा हात होता, हेही त्यात आहे, आणि ज्यांनी माणसं वाचवली त्यांचीही नोंद आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचे जीव दिले, हे वाक्य त्या अहवालात आहे. आम्ही ते आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग लिवलंय म्हना की."

तो अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकं तो लोकांसमोर नव्हता.

मायलेकी, म्हणजे आजी आणि तिची आई, हैदराबादला नातेवाइकांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा सहा-सात वर्षं उलटली होती. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, जमिनीचा वाद निघाला की गोष्ट 1954 च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत जाते. त्या साली शेतात कोण आहे हे पाहून नोंदी झाल्या आणि पुढचा सातबारा त्यांच्यावर उभा राहिला. या घराचं चार एकर कोरडवाहू रान होतं. पाहणी झाली तेव्हा धनी विहिरीत आणि त्याची बायको हैदराबादेत. खासऱ्यात दुसऱ्याचं नाव लागलं. मृत्यूचा दाखला नाही, वारसाचा फेरफार नाही. तलाठी विचारणार, मेल्याचा पुरावा काय? बाईने काय दाखवावं?

आजीची आई मग त्याच रानात रोजाने खुरपायला जायची. आजी तिच्यासोबत जायची. बांधावरचं लिंबाचं झाड तिच्या बापाने लावलेलं होतं. त्याखाली बसून दोघी भाकरी खायच्या आणि संध्याकाळी मजुरी घेऊन घरी यायच्या.

लढाया पाच दिवसांत संपतात असं इतिहासात लिहितात. या घरात ती तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली. ताई सांगतात, लहानपणी घरात एक गाठोडं कायम बांधलेलं असायचं. त्यात पीठ, दोन लुगडी, रेशनकार्ड. सप्टेंबर लागला की अम्मा ते सोडून पुन्हा बांधायची. कशासाठी, ते सांगायची नाही. विहिरीचं पाणी घरात चालायचं नाही. हापसा येईपर्यंत ओढ्याला झिरा खणून पाणी आणावं लागे. "मला लई राग यायचा," ताई म्हणतात. "सगळ्या पोरी विहिरीवर, मी एकटी ओढ्याला. अम्मा भित्री आहे असंच मला वाटायचं."

खरं काय ते त्यांना लग्नानंतर, स्वतःला मुलगी झाल्यावर कळलं. बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. एका रात्री अम्माने बोलायला सुरुवात केली ती फटफटेपर्यंत थांबली नाही. पंचवीस वर्षं ताईंना जे विक्षिप्त वाटत होतं, त्याचा एकेक अर्थ लागत गेला.

[दृश्य: अंगणवाडीची खोली, टेबलावर पिवळे पडलेले कागद]

अलीकडे ताईंच्या घरी माणसांची ये-जा वाढली आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जो तो पेटीतले निजामकाळचे कागद बाहेर काढू लागला. कागद उर्दूत, काही मोडीत. साल फसली, म्हणजे निजामकाळच्या महसुली कालगणनेतलं. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण कळतो. ताई सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकल्या. मोडी त्यांना येत नाही, पण वळणदार उर्दू हस्ताक्षर त्या सावकाश लावतात. मराठ्यांची पोरं आजोबा-पणजोबांचे कागद घेऊन येतात. ताई चष्मा लावून वाचून देतात, चहा करतात, पैसे घेत नाहीत. वाचताना प्रत्येक कागदावर शेवटी नजर टाकतात, जिथे साक्षीदारांची नावं असतात.

एका बैलाच्या खरेदीच्या कागदावर, फसली 1352, त्यांना आपल्या आजोबांचं नाव सापडलं. बापाचं नाव, धंदा विणकर, खाली अंगठा. हा माणूस या गावात होता याचा एवढाच कागद. ज्यांचा कागद होता त्या घरच्या मुलाने तालुक्याला जाऊन त्याची रंगीत झेरॉक्स आणून दिली. हे घर कोणतं ते ताईंना ठाऊक आहे. चार एकर ज्यांच्या नावावर लागलं, तेच. मुलालाही ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो बराच वेळ बसून होता, मग म्हणाला, "मावशी, मला कुणी सांगितलंच नव्हतं."

रान परत मागायचा ताईंचा विचार नाही. त्यांना नावं हवी आहेत. स्वातंत्र्यसैनिकांची नावं पंचायतीच्या भिंतीवर आहेत, ती असायलाच हवीत, असं त्या ठासून सांगतात. त्यांचं मागणं एवढंच, की रझाकारीत मेलेल्यांची आणि ॲक्शननंतर मेलेल्यांची नावं कुठेतरी एकत्र लिहिलेली असावीत. शाळेची दोनशे पानी वही त्यासाठी घेतली आहे. रोज दुपारी अंगणवाडी सुटली की अम्मा सांगते, लेक लिहिते. खंडणी दिली नाही म्हणून चावडीपुढे मारलेला वाणी. बळदाच्या दारात पडलेला कोष्ट्याचा दीर. विहिरीतली माणसं, घरामागून घर.

काही नावं आजीला आठवत नाहीत. मग ती नातं सांगते. अमक्याचा जावई, तमकीचा पोटुशी असतानाचा दादला. ताई तेही लिहून घेतात आणि पुढे जागा सोडतात. आता तो झेरॉक्सवाला मुलगाही दुपारी येतो. आपल्या आजीला विचारून त्याने दोन मोकळ्या जागा भरून आणल्या आहेत. मोमीन गल्ली आणि कोष्टी गल्ली झाली. तेल्याची गल्ली अजून व्हायची आहे.